माणशी दोन शेर

॥ श्री अंबाबाई ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
२२ मार्च १९५४

चि. प्रमोदिनीला वहिनीचे आशीर्वाद, आणि त्यांच्या मागोमाग बोलणी.

तुझं पत्र परवा मिळालं. पुण्यात उकडायला लागलं म्हणून गेल्या आठवड्यात नवा माठ घेतलास, कुंभारानं दुप्पट पैसे काढले, असं लिहितेस. वर महागाई फार वाढली म्हणून हळहळतेस. महागाई वाढलेली नाही, तू उशीर केलास. माठ माघात घ्यायचा असतो. तेव्हा लोक शाली पांघरून बसलेले असतात आणि कुंभाराच्या दारात कुत्रं फिरकत नाही. घोंगडं चैत्रात, छत्री वैशाखात, आणि शाळेची जुनी पुस्तकं निकालाच्याच दिवशी, रद्दीत जायच्या आत. तू परकरात होतीस तेव्हापासून हे सांगत आले. आता बी.ए. झालीस, मुलींना भूगोल शिकवतेस, आणि माठ फाल्गुनात घेतेस!

इथली बेगमी बरीच उरकली. चिंच फोडून मीठ लावून ठेवली. शेणी माळ्यावर चढवल्या. कसबा बावड्याच्या आकारामचं गुऱ्हाळ बंद व्हायला आलं, तिथून गुळाचे दोन रवे आणले. शेवटी शेवटी तो भाव पाडतो, कारण त्याला चुलाण विझवायची घाई झालेली असते. आता राहिली ती चटणीची मिरची.

मिरचीचा भाव आत्ता अगदी जागेवर आहे. नव्या संकेश्वरी मिरचीचे ढीग लागलेत. जोतिबाची यात्रा झाली की व्यापारी माल उचलतात, आणि एकदा भाव चढला की दिवाळीपर्यंत खाली बघत नाही. म्हणून एक गोष्ट उलट टपाली कळव. आपल्या घरचं माप तुला ठाऊक आहे, वर्षाला माणशी दोन शेर. तुझे दादा, मी आणि नंदिनी, असे तिघांचे सहा शेर धरलेच आहेत. तुझे धरू का नको? मागच्या वर्षी धरले आणि तू जूनमध्ये पुण्याला निघून गेलीस. तुझी बरणी आहे तशी राहिली. म्हणून यंदा आधी विचारते.

लवकर कळव, कारण गल्लीतल्या बायका माझ्या पिशवीवर डोळे लावून बसल्यात. मी मिरची आणली की दुसऱ्या दिवशी त्या आणतात. समोरची चिमणाबाई म्हणते, "सरोजिनीवैनींची पिशवी हलली म्हंजे भाव ठरला."

तुझे दादा बरे आहेत. खोकला आहे, पण तो त्यांच्या स्वभावातलाच.

पोस्टमनची वाट बघणारी,
वहिनी

———

सदाशिव पेठ, पुणे
२८ मार्च १९५४

ती. वहिनींना प्रमोदिनीचा वाकून नमस्कार.

बोलणी पोचली. माठाचा गुन्हा कबूल आहे. पाणी मात्र गार होतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवा. माझ्या खोलीतल्या सोबतिणीला तुमचं पत्र वाचून दाखवलं. आपल्याकडे तिखटालाच चटणी म्हणतात हे तिला पटवता पटवता मी दमले. ती विचारते, आठ शेर मिरचीची चटणी भाकरीशी खाऊन माणसं जिवंत कशी राहतात? मी म्हटलं, कोल्हापूरला येऊन बघ.

एक गोष्ट सांगायची आहे. माझी इथली जागा वर्षापुरतीच होती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आता एक बाई नोकरी सोडताहेत. मुख्याध्यापिकाबाईंनी परवा बोलावून विचारलं की जूनपासून कायम करू का. एक मेच्या आत सांगायचं आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही.

मिरचीचं म्हणाल तर घराला सोयीचं असेल तसं करा. माझ्यासाठी खोळंबू नका. बरणी पडून राहिली हे वाचलं. वाया गेली असेल तर वाईट वाटतं.

नंदिनीला म्हणावं, नद्यांचा नकाशा काढून पाठव, मी तपासून परत पाठवीन. दादांनी खोकल्यावर काढा घ्यावा.

आपली,
प्रमोदिनी

———

कोल्हापूर
६ एप्रिल १९५४

चि. प्रमोदिनीला आशीर्वाद. पाडव्याच्या श्रीखंडाची वाटी तुझ्या नावानं नंदिनीनं खाल्ली, तेही कळवते.

"सोयीचं असेल तसं" म्हणजे किती शेर? असलं वजन माझ्या तराजूत नाही. हो म्हण नाहीतर नाही म्हण. मुलींना तू असंच शिकवतेस का, की गंगा सोयीची असेल तिकडे वाहते?

कायमची जागा म्हणजे मोठी गोष्ट. मुठीत घट्ट धर. आपल्या पेठेतल्या मुलींच्या शाळेतही जूनपासून एक बाई हव्या आहेत असं कानावर आलं, पण ती जागाही वर्षाचीच. तुझ्या भल्याचं तूच बघ. मी काही म्हणणार नाही.

काल पेठ वडगावच्या बाजाराला गेले होते. गाडीभाडं गेलं तरी तिथं शेरामागे दोन आणे सुटतात. आपली तानाबाई नेहमीच्या जागी बसली होती. मी चार ढिगांतली मिरची मोडून बघितली, वास घेतला, बी हलवून बघितलं, आणि उभी राहिले. ती म्हणाली, "वैनी, दरसाल येतासा, एक मिरची मोडतासा आन् पोतं उचलतासा. औंदा नुसतंच मोडाय लागलाय की!"

मी म्हटलं, मिरची ओलसर वाटते.

"ओलसर? ह्या उन्हात बसून मी वाळाय लागली, आन् मिरची ओली व्हय?" सगळा बाजार हसला. मी रिकामी पिशवी घेऊन परत आले. मिरची खरोखरच जराशी ओलसर होती.

यात्रेला अजून बारा दिवस आहेत. तोवर तुझं एका शब्दाचं उत्तर आलं तरी पुरे.

तुझी,
वहिनी

———

पुणे
१३ एप्रिल १९५४

ती. वहिनींना नमस्कार.

पत्र पोचलं. पुण्याची जागा मुठीत घट्ट धर म्हणता, ते माझ्या भल्यासाठीच म्हणत असणार.

सहा शेर घ्या. तिघांचंच माप धरा, म्हणजे कुठलीच बरणी पडून राहणार नाही. मी सुट्टीत आठ दिवस येईन, तेव्हा पाहुणीला वाढता तेवढं वाढा. त्यासाठी वेगळी बेगमी करायचं कारण नाही.

परीक्षा संपल्या. उत्तरपत्रिकांचा ढीग पुढ्यात आहे, म्हणून आज एवढंच.

प्रमोदिनी

———

कोल्हापूर
२३ एप्रिल १९५४

चि. प्रमोदिनी,

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. नगरपालिकेत दिवसभर "आपले पत्र पोचले, योग्य ती कारवाई चालू आहे" असं लिहून माझे हात भरून येतात. पण आता कारवाई कुणीच करत नाही म्हणून लेखणी उचलली.

तू तुझ्या वहिनीला काय लिहिलंस? तुझं पत्र यात्रेच्या दोन दिवस आधी आलं. तिनं ते चुलीपाशी उभ्यानंच वाचलं, घडी घातली आणि मसाल्याच्या डब्याखाली ठेवलं. मला एवढंच म्हणाली, "पाहुणी म्हणवते स्वतःला." त्यानंतर घरात मिरचीचं नाव नाही.

यात्रा झाली. भाव शेरामागे पाच आणे चढला. ही रविवारी लक्ष्मीपुरीच्या बाजाराला जाते आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन परत येते. मी म्हटलं, अगं, सहा शेर तरी आण. तर म्हणते, "सहा शेर मागायला माझं तोंडच उघडत नाही. आठ मागावे, तर पोरीनं नको म्हटलंय." ज्या बाईनं माझी छत्री गेल्या वैशाखात रणरणत्या उन्हात घेतली आणि दुकानदाराकडून शिलाईचा दोराही फुकट मिळवला, ती बाई हे बोलते आहे.

आता गल्लीची हकिकत ऐक. आपली पिशवी हलली नाही, म्हणून कुणाचीच हलली नाही. चिमणाबाईनं सगळीकडे सांगितलं की सरोजिनीवैनी थांबल्यात, म्हणजे भाव कोसळणार, त्यांना आतली बातमी लागलेली आहे. झाली, नऊ घरं थांबली. भाव रोज चढतो आहे आणि नऊ घरं एकमेकींना धीर देत बसली आहेत. झुंबरबाईचा नवरा काल मला पाराजवळ गाठून विचारत होता, "दादा, आमास्नी तरी सांगा, कवा पडणार भाव?" मी काय सांगणार? माझ्या बहिणीला विचारा म्हणू?

कांडपाची बायडाबाई तीन वेळा येऊन गेली. काल तर दारातच उभी राहून ओरडली, "दादा, ह्या गल्लीत औंदा सुतक पडलंय का काय? एका घरातनं मुसळाचा आवाज न्हाय!" तिचीही हातातली कामं गेली, ती तरी काय करील?

आणखी एक. हे तुला कळवायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. मागच्या वर्षीच्या तुझ्या बरणीचं. फाल्गुनात आमचं तिखट संपलं. तुझी बरणी फडताळात काठोकाठ भरलेली होती. मी झाकणाला हात लावला तर तिनं तो बाजूला केला. म्हणाली, "ती आली आणि तिची बरणी रिकामी दिसली तर तिला काय वाटेल?" मग तिनं काय केलं असेल? दुकानातून पुडीतलं तिखट आणलं. तेही दोन पेठा ओलांडून, गल्लीतल्या कुणाला दिसू नये म्हणून पदराखाली झाकून. तुझी वहिनी आणि दुकानचं तिखट! आम्ही दोन महिने ती वीटपूड खातो आहोत आणि मी चकार शब्द काढलेला नाही.

तिनं विचारलं होतं ते तुझी वाट मोकळी राहावी म्हणून, असं मला वाटतं. मला चुकीचं वाटत असेल, मी कारकून माणूस. पण तू लवकर काहीतरी लिही. एका घराचं असतं तर मी गप्प बसलो असतो, इथे अख्खी गल्ली तुझ्या उत्तरावाचून अळणी बसली आहे.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तिची ताकीद मोडायची माझी ही दुसरी वेळ. पत्र वाचून फाडून टाक.

तुझा,
दादा

———

पुणे
२६ एप्रिल १९५४

ती. वहिनींना प्रमोदिनीचा साष्टांग नमस्कार. हा नमस्कार नेहमीचा नाही, खरोखर पायांवर डोकं ठेवल्यासारखा समजा.

मला कुठून काय कळलं ते विचारू नका. दादांना तर मुळीच विचारू नका.

वहिनी, मी तुमचं पत्र उलटं वाचलं. सासर कायमचं सुटून मी पेटी घेऊन माहेरी परत आले तेव्हा तेवीस वर्षांची होते. तुम्ही कधी एका शब्दानं काही जाणवू दिलं नाहीत. पुस्तकं पुढ्यात ठेवलीत, कॉलेजात घातलंत, आणि लोक काय म्हणतील ते दाराबाहेरच ऐकून घेतलंत. तरी मी ताटावर बसले की मनातल्या मनात स्वतःला जोखायची. सगळ्यांत वाईट असायचे ते हे चैत्राचे दिवस. तुम्ही माजघरात मिरची मापायला बसलात की मी काहीतरी निमित्त काढून आत जायची. तिघांची मापं पडली की चौथं पडतं का, ते बघायचा धीर व्हायचा नाही. दरवर्षी ते पडल्याचं आतून ऐकू यायचं. दरवर्षी मला सुटल्यासारखं वाटायचं आणि पुढच्या वर्षीची धास्ती लागायची.

पुण्याला आले ती अनुभव मिळावा म्हणून, असं मी सांगितलं होतं. ते खोटं होतं. तुमच्या घरातलं एक माप कमी व्हावं म्हणून आले. त्यामुळे तुमचं मार्चमधलं पत्र वाचलं तेव्हा मनात आलं, शेवटी विचारलंच. आणि पुढच्या पत्रात तुम्ही नोकरी घट्ट धर म्हणालात, तेव्हा तर खात्रीच पटली. मग मी ते पाहुणीचं पत्र लिहिलं. लिहिताना रडत होते, हेही सांगून टाकते.

आज सकाळी मुख्याध्यापिकाबाईंना भेटले आणि जूनपासून राहते असं सांगून आले. थांबा, पत्र खाली ठेवू नका. महिनाभर मी रोज हाच हिशेब मांडत होते, की घरी नको असेन तर इथे राहायचं. असं राहणं मला नको होतं. काल दुपारी, जे कळायचं ते कळल्यावर, पहिल्यांदाच मोकळेपणानं विचार केला. मला ही शाळा आवडते. सातवीतल्या मुली आगाऊ आहेत, त्या आवडतात. टेकडीवर नेऊन त्यांना वाऱ्याच्या दिशा शिकवते ते आवडतं. हे सगळं वर्षभर होतंच, पण मागं घर आहे याची खात्री नसल्यामुळे मला ते दिसत नव्हतं. आता राहीन ती खुशीनं राहीन, आणि दर सुट्टीला घरी येईन. पाहुणी म्हणून नाही.

आठ शेर घ्या, वहिनी. भाव काय असेल तो असो, मला माझे दोन शेर हवेत. इथल्या खानावळीच्या आमटीला रंगसुद्धा नाही. एक तारखेला शाळेला सुट्टी लागते, तीन तारखेला मी पोचते. कांडपाला मला बसवा. शिंका आल्या तरी उठणार नाही.

तुमची,
प्रमो

———

॥ श्री अंबाबाई ॥

कोल्हापूर
२९ एप्रिल १९५४

चि. प्रमो, आशीर्वाद.

तुझ्या दादांना मी काहीही विचारलं नाही. फक्त रात्री ताटात मीठ वाढलं नाही. ते मुकाट्यानं जेवले, तेव्हा सगळं समजलं. दोन महिने वीटपूड खाल्ली असं त्यांनी लिहिलं असणारच. सहा आठवडे होते, आणि वीटपूड नव्हती, त्यात थोडी मिरचीही होती.

काल सकाळी पिशवी उचलून दाराबाहेर पडले, तर चिमणाबाई समोरच्या दारातून पायात चप्पल न घालताच धावली. झुंबरबाई आली, बनाबाई आली. वडगावच्या गाडीत आम्ही दहा बायका आणि दहा पिशव्या. कंडक्टर म्हणाला, "पावणं, लग्नाला निघालासा का मोर्चाला?" तानाबाईनं आम्हाला लांबूनच बघितलं आणि ढिगावरचं फडकं काढून ठेवलं. मी एक मिरची मोडली. तिनं विचारलं, "वाळली का आता?" मी म्हटलं, वाळली, माप. दहा घरांचा माल एकदम उचलतो म्हणून शेरामागे तीन आणे तोडून घेतले. तरी मार्चातल्या भावापेक्षा दोन आणे चढच. उभ्या आयुष्यात एवढी महाग मिरची मी घेतली नव्हती, आणि गाडीत बसल्यावर मी चक्क हसत होते.

गल्लीला काय वाटलं सांगू? सरोजिनीवैनी महिनाभर थांबल्या त्या याचसाठी, दहा घरांनी मिळून घ्यायचं आणि भाव तोडायचा! झुंबरबाईच्या नवऱ्यानं मला हात जोडले. पुढच्या वर्षी गहूही असाच घ्यायचा म्हणतात. मी गंभीर चेहरा करून नुसती मान हलवली. तूही बोलू नकोस.

आता तुझ्या नोकरीचं. मी घट्ट धर म्हटलं ते दात ओठांवर दाबून म्हटलं होतं. इथली जागा वर्षाची आहे हे मला शाळेत जाऊन दोनदा विचारून कळलं होतं. दोन वर्षांची म्हणाले असते तर तुला तार केली असती. मला तू इथे हवी होतीस. अजूनही हवी आहेस. पण खुशीनं राहते असं तू लिहिलंस, तो शब्द मी दिवसभर मनात घोळवला, आणि आता मलाही बरं वाटतं. टेकडीवर जाताना डोक्यावर पदर घेत जा, ऊन लागतं.

कांडप चार तारखेला ठेवलंय. बायडाबाईला सांगितलं, आमच्या बाई पुण्याहून मुसळ धरायला येणार. ती म्हणाली, "येऊ द्यात की, बी.ए.चा हात कसा पडतो ते बघू!"

दरवर्षीचं विचारणं मात्र आजपासून बंद. तू पुण्यात राहा, नागपुरात राहा, नाहीतर उद्या मनासारखा माणूस भेटून संसार मांड, फाल्गुनात तुला पत्र येणार नाही. आठ शेर म्हणजे आठ शेर.

आणि चौथ्या मापाचं. "शेवटी विचारलंच" हे तू लिहिलेलं वाचलं, आणि मी चुलीपुढून उठून मागच्या दारी जाऊन बसले. आमटी करपली. सात वर्षं तू आत बसून चौथं माप पडतं का ते ऐकत होतीस, आणि मला त्याचा पत्ता नाही. अगं वेडे, एकदा तरी बाहेर येऊन बघायचंस. तुझं माप चौथं कधी नव्हतंच. उरलंसुरलं तुझ्या वाट्याला जाऊ नये म्हणून तुझे दोन शेर मी सगळ्यांच्या आधी टाकायची, मग आमचे.

वहिनी